मास्टरांना मिळतं तरी किती?

...नाही, पण मी म्हणते, विचारलं तर बिघडलं कुठे? मागितलं नाही, हिसकावलं नाही, नुसतं विचारलं! भाजीवाल्याला आपण विचारतो, कशी दिली? डॉक्टरला विचारतो, तपासायचे किती? नव्या जावयाला तर सगळ्यांच्या देखत, तो तोंडात घास घेऊन बसलेला असताना विचारतो, की काय हो, कापून जाऊन हातात किती येतात? तेव्हा कोणी म्हणत नाही, बाई भोचक आहे म्हणून! आणि मी माझ्या शेजारच्या माणसाबद्दल, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या माणसाबद्दल, ज्याच्या घरचा कुकर शिट्टी देतो आणि माझ्या घरचा गॅस मी बंद करते इतक्या जवळच्या माणसाबद्दल, सहज विचारलं, की यांना मिळतं तरी किती... तर सगळी इमारत माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी त्यांच्या कपाटाची किल्लीच मागितली!

आमचे हे तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुला काय करायचंय? त्यातलं तुला काही मिळणार आहे का?" आता हे काय बोलणं झालं? चंद्रावर माणूस जाऊन आला, त्यातलं आपल्याला काय मिळालं? तरी विचारलंच ना आपण, वर काय काय होतं म्हणून!

तर शेजारी म्हणजे आमचे मास्टर. शाळेतले नव्हे हो, कपड्यांचे. टेलरमास्टर. खाली तळमजल्यावर त्यांचं दुकान, दुकानात दोन मशिनं, एक मास्टरांचं, एक त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं. मास्टर कापायचे, शिवायचे. काजं, बटणं, तुरपाई सगळं वहिनींकडे. आणि वहिनींचं काज म्हणजे तुम्हाला काय सांगू, शर्ट फाटेल, विरेल, पोतेऱ्यात जाईल, पण काज तसंच्या तसं! आमच्या यांच्या एका जुन्या शर्टानं मी फरशी पुसते, त्याची काजं अजून बटणं शोधतायत.

असा हा सरळ माणूस. मापाचा कपडा, मापाचं बोलणं. त्यात आली निवडणूक. नगराध्यक्षपदाला उभे कोण, तर एक कंत्राटदार. आणि त्याच्या विरोधात? दुसरा कंत्राटदार. लोक वैतागले. दुकानात बसून बसून कोणीतरी म्हणालं, "मास्टर, तुम्हीच उभे राहा!" आता मास्टर तर उभेच होते, कापायच्या टेबलापाशी, हातात कात्री. म्हणाले, "उभाच आहे की!" झालं! लोकांनी धरलं की हा माणूस तयार आहे! मास्टरांना आपण निवडणूक लढवतोय हे कळेपर्यंत त्यांचे फोटो खांबांवर लागले होते.

आणि निवडून आले हो! का आले ठाऊक आहे? गावातल्या प्रत्येकाच्या पोटाचा खरा घेर या एका माणसाला माहीत. कोणाची एक बाही आखूड लागते, कोण पॅन्टीला आतून चोरखिसा लावून घेतो, सगळं माहीत, आणि इतक्या वर्षांत कोणाजवळ अक्षर बोलला नाही! लोक म्हणाले, असा माणूस भरवशाचा. मी तर म्हणते, एवढं माहीत असून न सांगता झोप कशी लागते माणसाला? पण ते असो.

निकालाच्या संध्याकाळी चौकात ही गर्दी! मी आणि वहिनी पुढेच उभ्या. वहिनींनी माझं मनगट धरलेलं, ते असं, की मला वाटलं या बांगडीचंच माप घेतायत. मास्टर माइकसमोर आले. आता गंमत अशी, की तोंडात टाचण्या नसताना बोलायची मास्टरांना सवयच नाही. नुसते उभे. घाम फुटलाय, ओठ हलतायत, हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथे टेप. निवडून आला तरी माणूस गळ्यातली टेप काढायला विसरला होता हो! आणि समोर माणूस उभा राहिला की मास्टरांचा पहिला शब्द कोणता? इतर टेलर लांबीपासून माप घेतात, आमचे मास्टर मानेपासून. "मान... साडेपंधरा. खांदा... अठरा." ही त्यांची रीत.

तर माइकमधून आवाज आला, "मान..."

सगळा चौक एक पाऊल पुढे सरकला.

"मान..."

आणि मग मास्टरांच्या लक्षात आलं, की इथे साडेपंधरा म्हणून भागणार नाही, वाक्य कुठेतरी नेऊन टेकवायला हवं. आणि देवाला काळजी, ते म्हणाले, "मान... मान द्या मला! धन नको!"

अहो, काय त्या टाळ्या! काय त्या शिट्ट्या! माझ्या शेजारचा एक माणूस रडत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात हे एवढ्या अक्षरांत, 'मानधन नाकारणारा नगराध्यक्ष!' कारण तुम्हाला माहीतच असेल, आपल्याला मिळतो तो पगार, पुढाऱ्याला मिळतं ते मानधन. महिन्याच्या महिन्याला येतं तेही, सही करून घ्यायचं तेही, पण पगार म्हटलं की माणूस नोकर वाटतो, आणि मानधन म्हटलं की घेणाराच उपकार करतोय असं वाटतं. ते मानधन आमच्या मास्टरांनी मधोमध कापलं. कात्रीचाच हात तो! मान ठेवली, धन सोडलं.

टाळ्या वाजवता वाजवता माझं लक्ष गेलं, माझं मनगट मोकळं झालंय. वहिनींचे दोन्ही हात खाली.

घरी गेल्यावर जे झालं ते मी ऐकलं नाही, मला ऐकू आलं. भिंत पातळ आहे, त्याला मी काय करू?

वहिनी म्हणत होत्या, "मान काय ताटात वाढू? खांद्यासकट वाढू की नुसतीच?"

"अगं, तोंडातून निसटलं. मी मापच घेत होतो."

"अख्ख्या गावाचं?"

"उद्या सांगतो लोकांना, बोलण्यात चूक झाली म्हणून."

मग आवाज बारीक झाले. मी भिंतीला आणखी जरा... म्हणजे मी भिंतीजवळ झाडतच होते. आणि वहिनी म्हणाल्या, "खबरदार! लोकांनी टाळ्या वाजवल्यात. पैसे घेतले असते तर परत देता आले असते. टाळ्या कशा परत करणार?"

बघा! बाई कशी आहे! स्वतःच चिडायचं आणि स्वतःच पाठीशी उभं राहायचं.

तिथून सगळं सुरू झालं. दुकान बंद पडलं. दुकानात बसावं तर पॅन्ट आखूड करायला आलेला माणूस नळाला पाणी नसल्याची तक्रार घेऊन बसतो, आणि नळाची तक्रार घेऊन आलेला म्हणतो, आलोच आहे तर एक पॅन्ट आखूड करून द्या, फुकटात! शेवटी शटर खाली ओढलं. मास्टरांचं मशीन विकलं. वहिनींचं मशीन चौघांनी उचलून वर घरात आणून ठेवलं, खिडकीपाशी. तेवढं एकच राहिलं. आणि मी, माणूस म्हणून हो, काळजीपोटी, मनात म्हटलं, मानधन नको म्हणाले, कबूल. पण नसते म्हणाले तर... मिळतं तरी किती?

आधी गावाला काय अभिमान! "आमचा अध्यक्ष बघा, दमडी घेत नाही!" मग एक दिवस दारात गाडी आली. पांढरी, सरकारी, ड्रायव्हरसकट. आमच्या वरच्या मजल्यावर एक कॅशियर राहतात. रिटायर झाले, पण अजून बोलायच्या आधी बोटाला थुंकी लावतात, जसं काही शब्दसुद्धा मोजून द्यायचेत. ते गॅलरीतून म्हणाले, "मानधन नको आणि गाडी हवी! पेट्रोल कोणाच्या खिशातून?" मास्टरांनी ऐकलं. मान खाली घालून मागे वळले, जिन्याखालची सायकल काढली आणि सायकलवरून ऑफिसला!

पण ड्रायव्हरचं काय? तो बिचारा माझ्या खिडकीखाली येऊन म्हणतो, "काकू, मला हुकूम आहे, साहेब जिथे गाडी तिथे. साहेब सायकलवर, तर मी काय करू?" मी म्हटलं, "मागून जा." तो गेला हो मागून! पुढे मास्टर, पॅन्टीला चिमटा लावून, पेडल मारतायत. मागे रिकामी गाडी, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत. तिच्यामागे अख्ख्या रस्त्याची वाहतूक, हॉर्न देत. जिथे वाटी लागत होती तिथे बादली पेट्रोल जायला लागलं!

आणि लोक काय म्हणाले? तेच कॅशियर! "शोभतं का हे? पलीकडच्या गावचा अध्यक्ष बघा, काळ्या काचांच्या गाड्या पुढे, काळ्या काचांच्या गाड्या मागे, मधला माणूस दिसतसुद्धा नाही. त्याला म्हणतात अध्यक्ष! आणि आपला? सायकलची घंटी वाजवत येतो. पाहुण्यांना दाखवायची सोय नाही!" मी म्हटलं, "अहो भाऊजी, तुम्हीच ना पेट्रोल विचारलं होतं?" तर थुंकी लावून म्हणाले, "पेट्रोल वेगळं, इभ्रत वेगळी."

मला तर काही कळेनासं झालं. म्हटलं, आपण स्वतःच जाऊन बघावं, तिथे असतं तरी काय. आमचा नळ गळत नव्हता, पण गळतो म्हणून गेले ऑफिसात. अहो, केवढी खोली! टेबल एवढं लांब, की त्याच्यावर नवरीचा शालू अखंड पसरून कापता येईल. खुर्चीला चाकं, पाठ ही एवढी उंच. आणि मास्टर कुठे? बाजूला एक स्टूल ओढून त्यावर बसलेले, वाकून, मशीनवर बसल्यासारखे! म्हणाले, "त्या खुर्चीत माणूस मागे कलतो हो. मला जन्मात मागे टेकायची सवय नाही. पाठ दुखते." टेबलावर एक घंटी होती. मी नुसतं बोट लावून बघितलं. दार उघडून शिपाई आत, "काय आणू?" मी घाबरून म्हटलं, "काही नाही, चहा." आला की हो चहा! बशीसकट! मी चहा पिता पिता म्हटलं, घंटी आहे, चहा आहे, खुर्ची आहे, गाडी आहे... या सगळ्याच्या वर, रोख असं, मिळतं तरी किती? मास्टर हसले आणि म्हणाले, "घेतच नाही तर विचारू कशाला?" ऐकलंत? ज्याचं आहे त्याला उत्सुकता नाही, आणि इकडे माझ्या जिवाला घोर!

हळूहळू हवा फिरली. तुम्ही बघितलंय का, स्वस्त कापड कोणी दाखवलं की आपण आधी खूश होतो आणि मग बोटांत धरून उजेडात बघतो, कुठे विरलंय म्हणून? तसं झालं. जिन्यात, गच्चीत, लिफ्टमध्ये एकच विषय. मानधन घेत नाही. दुकान बंद. मग चूल पेटते कशावर? कॅशियर म्हणाले, "मी नोकरीत आयुष्य काढलंय. फुकट काम करणारा माणूस सगळ्यात महाग पडतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, वाक्यच तसं होतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला मी खिडकीत उभी असताना... मी असतेच खिडकीत, तिथे वारा येतो... बघितलं, की वहिनी मागच्या जिन्यानं वर येतायत. दिवेलागणीची वेळ. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. भरगच्च. वरून जुनी चादर घातलेली. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी उन्हं कलताना खाली गेली, दिवेलागणीला परत वर. आता एखादी बाई पिशवी झाकून नेते म्हणजे आपण काय समजायचं?

मी कोणाजवळ बोलले नाही. फक्त कॅशियरांजवळ बोलले. आणि मी 'पिशवी' म्हणाले होते, हे लक्षात ठेवा! पिशवी! कॅशियरांकडून बातमी गच्चीवर गेली तेव्हा पिशव्या झाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत पोती झाली. आणि संध्याकाळी आमचे हे बाहेरून आले, चपला काढता काढता म्हणाले, "ऐकलंस का? शेजारी म्हणे टेम्पो रिकामा होतो रोज!" मी म्हटलं, "कोण म्हणालं?" तर म्हणे, "सगळे म्हणतात, तू डोळ्यांनी बघितलंस!"

आता आली का पंचाईत! मी टेम्पो बघितलाच नव्हता, पण बघितला म्हणून गाव सांगतंय म्हटल्यावर निदान दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन खात्री तरी करायला नको? गेले. म्हटलं, "वहिनी, जरा एक सुई द्या हो, आमची हरवली." दार अर्ध्यात उघडलं. मी उरलेलं उघडलं.

आणि आत... अहो, जमिनीवर पांढऱ्या शर्टांचा हा ढीग! शाळेच्या गणवेशाचे. एकाला बटण नाही, एकाला काज नाही. ढिगाच्या मधोमध वहिनी, बोटाला चिंधी बांधलेली.

मी म्हटलं, "हे कोणाचं?"

त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि म्हणाल्या, "बाजारातल्या टेलरचं."

बाजारातला टेलर! मास्टरांचा जन्माचा वैरी! मास्टर त्याच्या शिलाईला शिलाई म्हणत नाहीत, 'जखमेचे टाके' म्हणतात. आणि त्याच्याकडची काजं-बटणं नगराध्यक्षांची बायको मागच्या जिन्यानं घरी आणून करतेय!

"काय करू?" वहिनी म्हणाल्या. "मशीन बघायला माणूस आला होता. त्यानं चाक फिरवून बघितलं, पाय मारून बघितला, आणि मी चाकावर हातच ठेवला... म्हटलं, जा बाबा, नाही विकायचं. हात चालतायत तोवर मशीन जायचं नाही. दुपारी हे नसतात, तेवढ्यात करते."

"मास्टरांना माहीत आहे?"

"माहीत झालं तर त्याच दिवशी खुर्ची सोडतील. म्हणतील, बायकोनं त्याच्या दारात जायचं आणि मी घंटी वाजवायची? आणि त्यांनी सोडली तर तिथे कोण बसणार? ते दोघे कंत्राटदार टपूनच आहेत. यांनी पाण्याची लाइन नीट करायला घेतलीय हो. रात्री झोपेत पाइपाची मापं बडबडतात. सोडू नये वाटतं मला." आणि माझा हात धरून म्हणाल्या, "माझी शपथ आहे. कोणाला सांगायचं नाही."

शपथ! मला! अहो, दुसऱ्या कोणाला घातली असती तर गोष्ट वेगळी. पण मी बसले खाली. म्हटलं, आणा इकडे ती सुई. दुपारभर बटणं लावली दोघींनी. लावता लावता मी म्हटलं, "पण वहिनी, मानधन घेतलं असतं तर... अंदाजे... मिळतं तरी किती?" त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "तुम्हाला इथेही तेच?" म्हणाल्या. मी म्हटलं, इथे नाही तर कुठे विचारू?

घरी आले आणि माझे हाल सुरू झाले. एरवी मला काही माहीत नसतं म्हणून मी तळमळते, आता माहीत होतं म्हणून तळमळायला लागले! जिन्यात बायका म्हणायच्या, "आज काय आलं पोत्यात?" आणि मी गप्प. मी गप्प! लोकांना वाटलं मला ताप आलाय. आमचे हे तर काढा घेऊन आले.

आणि मग तो दिवस उजाडला. उजाडला काय, मावळत होता. मी खिडकीत. बघते तर मागच्या जिन्यात, मधल्या वळणावर, मंडळी उभी. पुढे कॅशियर. म्हणे, आज रंगेहाथ पकडायचं. आणि खालून वहिनी वर येतायत, पिशवी घेऊन! मी धावले. पायात एक चप्पल माझी, एक आमच्या यांची. पोचते तोवर कॅशियर बोटाला थुंकी लावून मोकळे.

"पिशवीत काय आहे?"

"घरचं सामान आहे," वहिनी म्हणाल्या.

"मग दाखवायला काय हरकत? लोकांनी मान दिलाय तुम्हाला. लोकांना विचारायचा अधिकार आहे!"

वहिनींनी पिशवी छातीशी धरली. चेहरा असा झाला हो, पांढराफटक. उघडावी तर नवऱ्याची खुर्ची जाते, न उघडावी तर चोर ठरतात. आणि माझ्या गळ्यात शपथ! मी ओठ दाबून उभी. मागून कोणीतरी म्हणालं, "पैसेच असणार. बघा, सोडत नाहीये!" दुसरं म्हणालं, "काकूंनी बघितलंय, विचारा काकूंना!"

सगळ्या माना माझ्याकडे. आणि खालच्या पायरीवर पॅन्टीचा चिमटा काढल्याचा आवाज. मास्टर! सायकल लावून वर येत होते.

"काय चाललंय?"

आता काय करणार? शपथ मोडते तर वहिनी जन्मात बोलायच्या नाहीत. पाळते तर... नाही, जमलंच नाही मला! ओरडलेच मी, "बटणं आहेत हो त्यात! बटणं! काजं! शाळेचे शर्ट! बघा आणि मरा एकदाचे!" आणि पिशवी अशी ओढली, की चादर गेली एकीकडे आणि जिन्यावरून शर्ट घरंगळत खाली, एक, एक, एक... पायरी पायरीवर पांढरा शर्ट, हात पसरून पडलेला.

मास्टर वाकले. एक शर्ट उचलला. मला वाटलं आता हा माणूस चिडतो, नाहीतर रडतो. त्यांनी शर्ट उजेडात धरला, कॉलरवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही मान कोणी कापलीय? पार चुकलीय." टेलरचं दुकान बंद, म्हणून तयार केलेलेच शर्ट पिशवीतून परत आले होते. मग खालची काजं बघितली. एक. दुसरं. मास्टरांचा हात थांबला. हळूच म्हणाले, "काज मात्र आपल्या घरचं आहे."

वहिनी मान खाली घालून उभ्या. मास्टर म्हणाले, "त्याच्याकडून आणतेस?" त्यांनी मान हलवली. "कधीपासून?" त्या म्हणाल्या, "तुम्ही मान मागितलीत तेव्हापासून."

आता तुम्हाला वाटेल, लोक वरमले, माफी मागितली, शर्ट गोळा करून दिले. कसलं काय! कॅशियर कडाडले, "शोभतं का हे? आपल्या गावच्या अध्यक्षांच्या घरी दुसऱ्याची बटणं लावतात? पलीकडच्या गावाला कळलं तर आपलं नाक राहील का?" मागून सगळे, "हो ना! हो ना!" कॅशियर म्हणाले, "मास्टर, हा हट्ट सोडा. मानधन असतं कशाला? घ्या म्हणतो आम्ही! घ्यायलाच पाहिजे!"

मास्टर बावरले. म्हणाले, "पण तुम्ही सगळ्यांनी टाळ्या..."

तेव्हा वहिनींनी मान वर केली. म्हणाल्या, "घ्या हो आता. टाळ्या त्यांच्या त्यांनीच परत नेल्या."

तर असं झालं. मास्टर मानधन घ्यायला लागले. गाडीतही बसायला लागले, ड्रायव्हरला दुसरा गिअर टाकायला मिळाला. वहिनींचं मशीन खिडकीपाशीच राहिलं. बाजारातल्या टेलरला त्यांनी सांगितलं, काम देत असशील तर पुढच्या जिन्यानं आणून दे, आणि मान नीट कापत जा, यांचा निरोप आहे. आणि माझ्याशी वहिनी अगदी थोडे दिवस अबोला धरून मग बोलल्या, कारण भिंत पातळ आहे, न बोलून जाणार कुठे?

आणि गाव? गाव म्हणालं, "बघितलंत? शेवटी आलाच पैशावर! सगळे सारखेच!" कोण म्हणालं विचारा. जाऊ द्या, नका विचारू. तेच सुटीच्या दिवशी एक पॅन्ट घेऊन आले मास्टरांकडे, कंबर सैल करायला, आणि शिलाई विचारल्यावर म्हणतात, "आता मानधन चालू आहे ना? मग शिलाई कशाची?"

आणि तुम्हाला सांगते, त्याच आठवड्यात वहिनींनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "बसा. इतके दिवस विचारताय, आज सांगते." मशीन थांबवलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि सांगितला आकडा. खरा. रोख. मी म्हटलं, "आठवड्याचे?" त्या म्हणाल्या, "महिन्याचे." मी म्हटलं, "बरोबर ऐकलं ना मी? एवढेच?" त्या म्हणाल्या, "एवढेच." अहो, ज्या आकड्यासाठी मी रात्र रात्र कूस बदलली, गळत नसलेला नळ गळवला, तो एवढासा! मला तर वाईटच वाटलं. मास्टरांचं नाही, माझं!

पण बातमी ती बातमी. या वेळी शपथ नव्हती. गेले गच्चीवर, सगळे होते, सांगून टाकला आकडा. तर सगळे हसले! पोट धरून हसले! कॅशियर म्हणाले, "काकू, हे झालं कागदावरचं. आणि वरचं?" मी म्हटलं, "वरचं काही नाही हो, मी स्वतः ढिगात बसून बटणं लावलीत!" तर एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले आणि मागून हळूच आवाज आला, "काकूंनाही काहीतरी पोचतंय वाटतं!"

ऐकलंत? मला! पोचतंय! आमच्या यांनीसुद्धा घरी आल्यावर एकदा कपाट उघडून बघितलं!

तेव्हापासून गाव मलाच विचारतं. जिन्यात, लिफ्टमध्ये, औषधाच्या दुकानात. "काकू, खरं सांगा ना, मास्टरांना मिळतं तरी किती?" आकडा सांगितला तर हसतात, म्हणून मी आता बोलतच नाही, नुसती मान हलवते. तर आडवी हलवली की म्हणतात, "बघा, सांगता येत नाही एवढं मिळतं!" आणि उभी हलवली की म्हणतात, "बघा, कबूल केलं!"... आता तुम्हीच सांगा, देवानं माणसाला एकच मान दिलीय, ती त्यानं हलवायची तरी कुठल्या बाजूनं?